पौर्णिमेची वही

डॉ. प्रसेनजित अवसरमोल यांचा फोटो तुम्ही पेपरात पाह्यला असन. सुरक्षित बाळंतपणाचं राज्याचं नवीन धोरण ज्यायनं लिहिलं, तेच. अंगावर शाल, हातात मानचिन्ह, अन् खाली मोठ्या अक्षरात 'बोरडोहच्या दवाखान्यापासून मंत्रालयापर्यंत'. बोरडोहचा दवाखाना म्हणजे कोण, ते कोणी विचारलं नाही. मी सांगते. मी, महामाया, स्टाफ नर्स, तीस वर्षं नोकरी, रिटायर व्हायले चौदा महिने बाकी. पेपरात माह्यं नाव नव्हतं याचा मले राग नाही. नाव घेऊन काय चाटायचं आहे? राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे अन् तो आज मी सांगून टाकणार आहे. पोटात ठेवून ठेवून जेवण जात नाही मले.

सर बोरडोहले आले नव्व्याण्णव साली. अजूनही तोंडातून 'सर'च निघते, जिभेची सवय आहे, तिले काय करता. सव्वीस वर्षांचं किडकिडीत पोरगं, नुकताच डॉक्टर झालेला, सोबत पत्र्याची एक पेटी. बाप किसनराव तिकडं सोनाळ्याच्या बाजूले शाळेत शिपाई. मेहकरहून साखरखेर्ड्याकडं जाताना आमचा फाटा लागते, तिथून पुढं दोन किलोमीटर पायी. चिखलानं भरलेले पाय घेऊन आले अन् पह्यले मले विचारलं, "ताई, पाय कुठी धुऊ?" डॉक्टर लोक तेव्हा आमच्याशी असं बोलत नव्हते. 'ए सिस्टर' म्हणून हाक मारायचे. मले सख्खा भाऊ नव्हता. त्या दिवशी मले वाटलं, आता आहे.

तिसऱ्याच महिन्यात एक बाई गेली. बाळ नीट झालं, पण बाईचं रक्त थांबेना. मी म्हटलं, सर, गाडी बोलावू, मेहकरले पाठवू. ते म्हणाले, थांबा ताई, मी करतो. पाऊण तासानं गाडी बोलावली अन् बाई अर्ध्या रस्त्यात संपली. कोणी आमच्यावर बोट ठेवलं नाही. उलट तिचा सासरा सरायच्या पाया पडून गेला, म्हणे डॉक्टरनं लय केलं. त्या पाया पडण्यानंच सर खचले. चार दिवस धड जेवले नाहीत.

पाचव्या दिवशी पौर्णिमा होती. आमच्या विहारात वंदना झाली अन् भंतेजीनं सांगतलं, बुद्धाच्या काळी भिक्खू लोक अमावस्या-पौर्णिमेले एकत्र बसत. ज्याच्या हातून काही चुकलं असन तो आपल्या तोंडानं सगळ्यायसमोर सांगे. दुसऱ्याचं सांगायचं नाही, ज्याचं त्यानं. सर मागच्या रांगेत मांडी घालून ऐकून राह्यले होते. दुसऱ्या दिवशी मेहकरहून लाल पुठ्ठ्याची जाड वही घेऊन आले, दवाखान्यातल्या आम्हा चौघीले स्टोअररूममध्ये बसवलं, दार लावलं अन् पहिल्या पानावर स्वतः लिहिलं. 'गाडी बोलवायला मी पाऊण तास उशीर केला. मला वाटलं मला जमेल. तो गर्व होता.' मग ते वाचून दाखवलं अन् आमच्यासमोर ढसाढसा रडले.

नियम त्यायनंच घातले. नाव लिहायचं नाही. फक्त स्वतःची चूक लिहायची. दर पौर्णिमेले दुपारी बसायचं, चहा घ्यायचा, वाचायचं अन् ते पुन्हा होऊ नाही म्हणून काय करायचं ते ठरवायचं. अन् वही ह्या खोलीच्या बाहेर जाणार नाही. "मी शब्द देतो," म्हणाले. आम्ही कोणी मागितला नव्हता शब्द. त्यायनं आपणहून दिला होता.

चुका लिहून काय होते, असं तुम्हाले वाटन. मलेही वाटलं होतं की हे नवीन पोरगं आहे, दोन महिने हौस करन. पण एकीनं लिहिलं, रक्त थांबवायच्या इंजेक्शनचा डबा रिकामा झाल्याचं मले ठाऊक होतं, आळसानं सांगतलं नाही. दुसऱ्या दिवसापासून डबा पाहायच्या पाळ्या ठरल्या. मी लिहिलं, मी एका बाईच्या सासूवर खेकसले, म्हणून ती सुनेले दवाखान्यातून घरी घेऊन गेली. तेव्हापासून सासूले खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं, मग बोलायचं. असं बारीक बारीक करत करत आमच्या दवाखान्यात अकरा वर्षं एकही बाळंतीण मेली नाही. आजूबाजूच्या पन्नास खेड्यांतून बाया बोरडोहले येऊ लागल्या.

सर मोठे होत गेले. एम.डी. करून आले, शंभर खाटांच्या सरकारी दवाखान्याचे प्रमुख झाले, मग जिल्ह्याचे. तिथं गेल्यावर खाटेखालची कुत्री हाकलण्यापासून ऑपरेशन थिएटरच्या कुलपापर्यंत सगळं त्यायनं स्वतः पाह्यलं, हे मी माह्या डोळ्यानं पाह्यलं आहे. माणूस कामाचा होता, ते मी नाकारत नाही. तरी वर्षातून तीन-चार वेळा बोरडोहले येत, वही मागत, सगळी वाचत. मग मुंबईले समितीवर गेले. जाताना म्हणाले, "ताई, इथी एक-एक बाई वाचवतो आपण. तिथी बसून एक कागद नीट लिहिला त हजार वाचतीन." मले इतका अभिमान वाटला की मी गावात पेढे वाटले.

आता आलिमाचं सांगते. ही पोरगी आमच्याकडं सतरा साली नर्स म्हणून लागली. बाप रहेमतुल्ला मेहकरले गाद्या भरायचा, आता त्याले डोळ्यानं दिसत नाही. घरात नोकरी करणारी ही पहिली. बाप, आई अन् तिची लहान पोरगी महनूर, सगळे तिच्या एकटीच्या जिवावर. कामाले वाघीण. पहिल्या पौर्णिमेले वही पाहून घाबरली होती, मीच तिले हाताले धरून बसवलं. "लिही बेटा, इथी कोणी कोणाले खात नाही."

एकोणीस सालच्या पोळ्याच्या दिवशी आम्ही दोघीच ड्युटीवर होतो. डॉक्टर मीटिंगले गेलेले. तीन बाया एकदम. एकीले झटके येऊन राह्यले होते, तिच्यापाशी मी, गाडी येईपर्यंत तिले सोडून हालता येत नव्हतं. बाकी दोघी आलिमाकडं. त्यातली एक बाळंत होऊन राह्यली होती अन् दुसरी छकुली, गावातल्या झुंबरबाईची सून. पोटातल्या बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाले ऐकून केसपेपरवर लिहायचे असतात. आलिमानं दोन वेळा ऐकले नाहीत. ऐकणार कुठून, दोन हात तिले. मी त्या बाईले गाडीत घालून आले तवा ठोके मंद झाले होते. बाळंतपण मीच केलं. बाळ निपचित आलं. चाळीस मिनिटं आम्ही त्याच्या छातीत हवा भरत राह्यलो, ते काही रडलं नाही.

केसपेपरवर मात्र दोन्ही रकाने भरलेले होते. एकशे चाळीस, एकशे अडतीस. मी खाली सही केली. विचारलं नाही. पंधरा दिवसानं पौर्णिमेले आलिमानं वहीत लिहिलं, 'दोन वेळा ठोके ऐकले नाहीत. नंतर अंदाजानं आकडे टाकले. खोटं लिहिलं.' वाचताना तिचे ओठ पांढरे पडले होते. त्या महिन्यात सर आले, ते पान वाचलं अन् तिले समोर बसवून म्हणाले, "तू लिहिलंस, तूच खरी नर्स होशीन." अन् खरंच झाली. तेव्हापासून ठोके ऐकायच्या वेळेले मदतीले गावातल्या आशा सेविकेले बोलवायची पद्धत आम्ही घातली.

पण छकुलीले कोणी सांगतलं नाही. सरायनं नाही, आलिमानं नाही अन् मीही नाही. झुंबरबाई रस्त्यात दिसली की मले घरात ओढून न्यायची, म्हणायची तुम्ही लय जीव टाकला, लेकरू नशिबात नव्हतं. चहा पाजायची. पाच वर्षं मी तो चहा प्याले. हे माह्यं पाप आहे अन् ते मी कोणावर ढकलणार नाही.

बावीस साली सरायचा फोन आला. "ताई, वह्या पाठवा. नवीन नर्सायले शिकवायले वापरतो. नाव-गाव काही राहणार नाही." एकोणीस वह्या माह्या कपाटात होत्या, चावी माह्या गळ्यात. आलिमा म्हणाली, "ताई, नका देऊ. नाव नसलं म्हणून काय झालं, त्यात आपला जीव आहे. खोलीबाहेर जाणार नाही असं ठरलं होतं ना?" मी तिलेच झापलं. "ज्या माणसानं वही काढली त्यालेच देऊन राह्यले ना मी, चोराले थोडीच देऊन राह्यले? काही झालं त मी जबाबदार." असं म्हटलं मी. ह्याच तोंडानं.

दोन वर्षांनी तो अहवाल आला. जाड, गुळगुळीत कागदाचा, वर बाळाले पाजणाऱ्या बाईचं चित्र. आत आमच्या वह्यातल्या चुका मोजून तक्ते केलेले. किती वेळा औषध नव्हतं, किती वेळा उशीर झाला, किती वेळा खोटी नोंद. निष्कर्ष काय, त लहान दवाखान्यातल्या नर्सायच्या हाती बाळंतपण सुरक्षित नाही. अन् मध्ये 'प्रकरण सात'. बुलडाणा जिल्हा, पोळ्याचा दिवस, तीन बाळंतिणी, दोन परिचारिका, केसपेपरवर खोटे आकडे. बाजूले त्या पानाचा फोटो. गाव नव्हतं लिहिलं, एवढीच काय ती अब्रू ठेवली होती.

एका स्थानिक पेपरवाल्यानं ते प्रकरण उचलून छापलं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी झुंबरबाई दवाखान्यात आली. ओपीडीच्या बाकावर बसली, पदरानं तोंड पुसलं. कोणाकडून तरी वाचून घेतलं होतं तिनं.

"पोळ्याच्या दिवशी तीन बाया होत्या," ती म्हणाली. "एक मेहकरले गेली. एक लेकरू घेऊन घरी गेली. तिसरी माह्यी छकुली. मले जास्त काही विचारायचं नाही, महामाया. तुले ठाऊक होतं?"

"हाव," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"तवापासून."

तिनं पदर सावरला. मग उठली. "माह्या घरचा चहा पेत होती तू," म्हणाली अन् निघून गेली. तिनं मले दोन शिव्या घातल्या असत्या त मी त्या आनंदानं खाल्ल्या असत्या. सरायनं मले फसवलं त ते नंतरचं, पह्यले मी तिले फसवलं होतं, हे मले त्या बाकावर कळलं.

झुंबरबाईनं तक्रार दिली. बरोबर केलं तिनं. चौकशी लागली अन् आम्हा दोघीले नोटिसा आल्या. त्या दिवशी ड्युटीवर दोघीच होतो, केसपेपरवर नुसते आकडे, खाली माह्यी सही, अन् वहीत नाव नाही. तेव्हा वहीतलं पान कोणाचं, एवढंच चौकशीले ठरवायचं होतं. ज्याचं निघन त्याची नोकरी जाईन, वरून पोलीस केस. आलिमा नोटीस घेऊन माह्याजवळ आली. रडली नाही. म्हणाली, "ताई, मी खोटं लिहिलं ते केसपेपरवर. वहीत त खरं लिहिलं होतं. खोट्यानं मले पाच वर्षं काही झालं नाही, खऱ्यानं झालं." 'मी जबाबदार' म्हटल्याचं तिनं काढलंही नाही. काढलं असतं त बरं झालं असतं.

मी म्हटलं, सर आहेत ना. मले अजूनही वाटत होतं. हसा तुम्ही, पण पंचवीस वर्षांची माया एका अहवालानं उतरत नाही. वाटलं, खालच्या कोणी पोरानं छापलं असन, सरायले ठाऊकही नसन. एक चिठ्ठी त्यायनं लिहिली पाहिजे होती, बस. की ह्या वह्या मी शब्द देऊन लिहून घेतल्या, शिक्षेसाठी नाही, शिकायसाठी. त्यायच्या एका चिठ्ठीनं आलिमा वाचली असती.

पंधरा दिवसानं मेहकरले त्यायचा सत्कार होता. मंगल कार्यालय खचाखच भरलेलं. सर स्टेजवरून शुद्ध पुस्तकी मराठीत बोलले, डेटा अन् उत्तरदायित्व अन् काय काय. एकदा म्हणाले, "मी जमिनीवर राहून शिकलो." लोकायनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हात आपोआप गेले. कार्यक्रम संपल्यावर मागच्या खोलीत भेटले. मले पाहून उठले, वाकून पाया पडले. मग आमची बोली बोलू लागले.

"ताई, वाळून गेल्या तुम्ही. तब्येत काऊन अशी झाली?"

मी नोटीस पुढं केली. वाचली त्यायनं. चेहरा बदलला नाही, म्हणजे आधीच ठाऊक होतं.

"सर, एक पत्र द्या. शब्द दिला होता म्हणून लिहा. बाकी काही नको."

ते खुर्चीत बसले. "ताई, मी प्रत्येक लेबर रूमले दोन नर्सा मागितल्या होत्या. खरं सांगतो. त्याच्यासाठीच त्या चुका दाखवल्या, की एक बाई एकटी काय काय करन. पण वरच्यायनं तो भाग काढला. म्हणे पैसा नाही. लहान जागा बंद करा म्हणे, ते सोपं आहे."

"मग तुम्ही सही काऊन केली?"

"नसती केली त सगळंच गेलं असतं. काहीतरी तरी राह्यलं."

"आमच्या चुका राह्यल्या," मी म्हटलं.

त्यायनं नोटीस घडी करून मले परत दिली. मग म्हणाले, "अन् एक सांगा, छकुलीले खरं कळायले पाहिजे होतं की नाही?"

मले संताप आला. कारण गोष्ट खरी होती, अन् खरी गोष्ट ते ढालीवानी पुढं धरून राह्यले होते. "पाह्यजे होतं," मी म्हटलं. "आपण तिघायनं तिच्या घरी जाऊन सांगायले पाहिजे होतं. तुम्ही ते पान एकोणीसमध्ये वाचलं सर. मग पाच वर्षं तुम्ही काऊन नाही सांगतलं?"

"तेच त," सर म्हणाले अन् आवाज एकदम हळू झाला. "मी पत्र दिलं त लोक हेच विचारतीन. याले ठाऊक होतं, हा जिल्ह्याचा प्रमुख होता, यानं दाबलं. मग अहवाल गेला, धोरण गेलं, मीही गेलो. पुढच्या महिन्यात दिल्लीच्या समितीचं नक्की होऊन राह्यलं आहे, ताई. तिथी खूप काम करता येईन."

दिल्लीच्या समितीचं ऐकून माह्या डोक्यात एक गोष्ट चमकली. अहवाल मी तीनदा वाचला होता. त्यात लिहिलं होतं, अठरा वह्यांचा अभ्यास. मी एकोणीस दिल्या होत्या.

"सर, पहिली लाल वही कुठी आहे?"

त्यायनं नजर वळवली. "ती वाळवीनं खाल्ली."

"माह्या कपाटात तेवीस वर्षं नाही खाल्ली. तुमच्याकडं दोन वर्षांत खाल्ली?"

तेवढ्यात कोणीतरी दार उघडलं, सर, आमदारसाहेब थांबले आहेत. सर उठले, माह्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "ताई, आपण बोलू." मले तो हात झटकावासा वाटला. झटकला नाही. भाऊ मेला असता त इतकं दुखलं नसतं, असं मले त्या खोलीत वाटलं, अन् असं वाटल्याची लाजही वाटली.

चौकशी जिल्ह्याच्या ठिकाणी झाली, एका सोमवारी सकाळी. आलिमाले बाहेर बाकावर बसवलं, पह्यले मले आत घेतलं. चौकशी अधिकारी इंद्रभान नावाचे, पोक्त, कागदावर नजर ठेवून बोलणारे. भिंतीवर मोठा टीव्ही, त्यावर मुंबईहून सर. वह्या त्यायनं दिल्या म्हणून साक्षीले घेतलं होतं. अधिकाऱ्यानं 'प्रकरण सात'चं ते मूळ पान माह्यापुढं ठेवलं.

"हे अक्षर कोणाचं?"

आलिमा दहावीपर्यंत उर्दू शाळेत शिकली. मराठी लिहिते तवा अक्षरावरची रेघ ओढतच नाही, सगळी अक्षरं उघडी. सर तिले चिडवायचे, "आलिमा, घर बांधलं त छप्पर टाक ना त्यावर." ती हासायची अन् पुढच्या ओळीले पुन्हा तसंच लिहायची. दवाखान्यातल्या झाडूवालीनंही ते अक्षर लांबून ओळखलं असतं.

"माह्यं," मी म्हटलं.

खोटं बोलायचं हे मी घरूनच ठरवून आले होते, असं नाही. पान पाह्यलं अन् तोंडातून निघालं. पण निघाल्यावर मले बरं वाटलं. माह्ये चौदा महिने राह्यले, तिची तीस वर्षं. बाळंतपण मी केलं, सही माह्यी, वह्या मी दिल्या. अन् पंचवीस वर्षं दर पौर्णिमेले खरं लिहून झालं होतं माह्यं.

अधिकाऱ्यानं पहिल्यांदा मान वर केली. नोटिशीले दिलेल्या उत्तरातलं माह्यं अक्षर त्याच्यासमोरच होतं, गोल, टपोरं, रेघ ओढलेलं. ते दोन्ही पानं त्यानं शेजारी ठेवून पाह्यली. मग टीव्हीकडं वळला. "डॉक्टरसाहेब, या वह्या तुम्ही वर्षानुवर्षं वाचल्या आहेत. दोघींचं अक्षर तुम्हाला माहीत आहे. हे पान महामाया सिस्टरांचं आहे का?"

मी टीव्हीकडं पाह्यलं. आता ऐका, मले काय वाटत होतं ते. सरायनं 'नाही' म्हणून आलिमाचं नाव घ्यावं, हे मले बिलकुल नको होतं. पण मले वाटत होतं की ते अडतीन. थोडं अडतीन. चष्मा काढतीन, म्हणतीन, थांबा साहेब, अक्षर कोणाचंही असो, ह्या बायायले लिहायले मी लावलं, पहिलं पान माह्यं होतं, विचारायचं ते मले विचारा. पोटातून मी त्यायले हात जोडून राह्यले होते. ह्या एका मिनिटासाठी मी त्यायले सगळं माफ करायले तयार होते.

"हो," सर म्हणाले. "महामाया सिस्टरांचंच आहे."

घोटभर पाणी प्यायले लागते तेवढाही वेळ घेतला नाही. आवाज तोच सत्काराचा, शुद्ध. वरून म्हणाले, "सिस्टर निवृत्तीला आल्या आहेत, त्यांच्या दीर्घ सेवेचा विचार व्हावा, ही विनंती." अधिकाऱ्यानं लिहून घेतलं. पहिली वही कुठी आहे, हे मी तिथी ओरडून विचारलं असतं, पण त्यानं पुन्हा पान कोणाचं हा विषय उघडला असता. मी सही केली.

बाहेर आले. आलिमा उभी राह्यली. ओढणीचं टोक मुठीत गच्च धरलेलं.

"तुमचं काम झालं, तुम्ही जाऊ शकता, असं म्हणाले मले," ती म्हणाली. "आत बोलावलंच नाही. काय झालं ताई?"

मी सांगतलं. पह्यले मी काय बोलले ते, मग सर काय बोलले ते. ती खाली बसली अन् माह्ये गुडघे धरून रडायले लागली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग तिनं तोंड वर केलं.

"सरायले माह्यं अक्षर ओळखू नाही आलं का ताई? इतक्या वर्षांत?"

आलं नाही म्हटलं असतं त तिले बरं वाटलं असतं. पण एका दिवसाले एक खोटं मले पुरे झालं होतं.

"आलं," मी म्हटलं. "तुह्यं अन् माह्यं, दोन्ही आलं त्यायले."